रेंज रस्त्यावर मोजू नका, विहिरीवर मोजा

नाशिक जिल्ह्यातल्या कसमादे पट्ट्यात मोबाईलची सगळ्यात जास्त गरज कुठे पडते, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: विहिरीवर. शेतीपंपाची लाइट पाळीपाळीने रात्रीची येते. कांद्याला पाणी द्यायचं तर मध्यरात्री मळ्यातून विहिरीपर्यंत चालत जावं लागतं, आणि देवळा तालुक्यात रात्री मक्याच्या किंवा उसाच्या कडेने चालायचं म्हणजे बिबट्याच्या वावरातून चालायचं. म्हणून गेल्या काही वर्षांत मोटरच्या पेटीत मोबाईल स्टार्टर बसले. त्यात सिमकार्ड असतं. घरून फोन लावला की मोटर सुरू, पुन्हा लावला की बंद. लाइट गेली, आली, पाणी उपसून मोटर कोरडी पडली, तर तो मेसेज पाठवतो. ज्या घरात म्हातारा बाप आणि एकटी सून शेती बघतात त्या घराला हे यंत्र किती मोठा आधार आहे, हे शहरात बसून कळणार नाही.

पण या यंत्राला रेंज लागते, आणि आपल्या विहिरी नाल्याच्या काठी, टेकडीच्या पोटाला, सखल जागी खोदलेल्या असतात. पाणी तिथे लागतं म्हणून. नेमकी तिथेच रेंज सगळ्यात कमी पोहोचते.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, काही वर्षं एका कंत्राटदाराकडे मोबाईल कंपन्यांसाठी ड्राइव्ह टेस्टचं काम केलं आणि मग घरच्या शेतीत परत आलो. दोन्ही बाजू पाहिल्यामुळे हे लिहितो आहे. ड्राइव्ह टेस्ट म्हणजे गाडीत लॅपटॉप, त्याला जोडलेले तीन-चार फोन आणि टपावर जीपीएसचा छोटा अँटेना. गाडी चालत राहते, सॉफ्टवेअर क्षणाक्षणाला सिग्नल नोंदवतं आणि नकाशावर हिरवे, पिवळे, लाल ठिपके उमटतात. रूट आधीच ठरलेला असतो: विंचूर-प्रकाशा रस्ता, उमराण्याजवळचा मुंबई-आग्रा महामार्ग, गावात शिरून ग्रामपंचायतीपर्यंत आणि परत. गाडी जिथे जात नाही तिथे ठिपका पडत नाही. अहवालात मग गावाच्या नावापुढे ‘कव्हर’ असं येतं. लोहोणेर असो, मेशी असो की दहिवड, कितीतरी कुटुंबं गावठाण सोडून मळ्यात राहतात, हे त्या नकाशाला माहीत नसतं.

सरकारी योजनाही गावच मोजते. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ४जी न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. योजना चांगलीच आहे, आदिवासी पाड्यांना तिची गरज होतीच. पण ज्या गावाच्या पारावर ४जीची एक कांडी दिसते ते गाव या यादीत येत नाही, आणि त्याच्या शिवारातल्या वस्त्या कुठल्याच यादीत येत नाहीत.

लहरींचा स्वभाव समजला की हे असं का होतं ते कळतं. जळगाव आकाशवाणी ९६३ किलोहर्ट्झवर लागायची. त्या लहरीची लांबी तीनशे मीटरच्या वर. एवढी लांब लहर जमिनीला धरून चालते, टेकडी आडवी आली तरी तिला वळसा घालून पुढे जाते. म्हणून जळगाव सुमारे दीडशे किलोमीटर दूर असूनही आमच्या ओट्यावर ट्रान्झिस्टर खणखणीत वाजायचा. मोबाईलच्या लहरी फार आखूड. ९०० मेगाहर्ट्झची ३३ सेंटिमीटर, २३०० ची १३ सेंटिमीटर, आणि ५जीसाठी वापरतात त्या ३५०० मेगाहर्ट्झची नऊ सेंटिमीटरही भरत नाही. आखूड लहर सरळ जाते आणि टेकडीमागे सावली पडते. टॉवर आणि फोन यांच्यामधल्या सरळ रेषेला टेकडीचा माथा नुसता टेकला तरी ताकद पाव हिश्श्यावर येते. माथा रेषेच्या वर गेला की घसरण वाढत जाते, आणि लहर जितकी आखूड तितकी ती जोरात होते. आता आपला तालुका डोळ्यापुढे आणा. दक्षिणेला चांदवडची डोंगररांग आणि भावडबारीचा घाट, उत्तरेला गिरणेचं खोरं, मध्ये टेकाडं आणि नाले. टॉवर उभा राहतो रस्त्यालगत, कारण वीज, फायबर आणि डिझेलची गाडी तिथे पोहोचते. टेकडीच्या पलीकडच्या मळ्यावर त्याची सावलीच येते.

टॉवर कुठे आणि किती उंच हवा याचं गणित जिथून आलं तेही सांगण्यासारखं आहे. जपानी अभियंता ओकुमुरा यांनी टोकियो आणि आसपास गाडी फिरवून मोजमापं घेतली आणि १९६८ मध्ये आलेख प्रसिद्ध केले. १९८० मध्ये हाता यांनी त्या आलेखांची सूत्रं केली. जगभरच्या नियोजनात ही सूत्रं अजून वापरली जातात. ती बऱ्यापैकी सपाट जमिनीसाठी आहेत. डोंगराळ भागासाठी वेगळी दुरुस्ती घालावी लागते, आणि ती बरोबर बसते आहे का हे प्रत्यक्ष जागेवर मोजूनच कळतं. सूत्राची खातरजमा पुन्हा डांबरी रस्त्यावरच केली, तर चूक सापडणार कुठून?

दुसरी गोष्ट अँटेनाच्या कलाची. टॉवरवर तीन बाजूंना उभ्या लांबट पेट्या दिसतात, ते अँटेना. त्यांचा झोत आडवा रुंद पण उभा अगदी चपटा, साधारण सहा-सात अंशांचा असतो. बॅटरी खाली धरली तर पायापुढचं लख्ख दिसतं आणि बांधावरचं दिसत नाही, तसंच इथे होतं. ४० मीटर उंचीवरचा अँटेना चार अंश खाली झुकवला तर झोताचा मध्य सपाट जमिनीवर पावणेसहाशे मीटरच्या आतच टेकतो. एक अंशच झुकवला तर तो सव्वादोन किलोमीटरच्या पुढे जातो. शहरात टॉवर दाट असतात, एकाचा झोत दुसऱ्याच्या हद्दीत जाऊ नये म्हणून जास्त कल देणं बरोबर आहे. विखुरलेल्या वस्तीच्या शिवारात तोच आकडा उचलून लावणं चूक आहे. बऱ्याच नव्या अँटेनांचा कल टॉवरवर न चढता ऑफिसात बसून बदलता येतो. म्हणजे काही मळ्यांचा प्रश्न नवा टॉवर न उभारता सुटू शकतो. पण तिथे प्रश्न आहे हे आधी नोंदवलं गेलं पाहिजे.

कांड्या दिसतात पण फोन लागत नाही, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो. लोकांना वाटतं कंपनी फसवते. टॉवर एकेका वाहक लहरीवर वीस-चाळीस वॉटने बोलतो. आपला ४जी फोन जास्तीत जास्त २०० मिलिवॉटने, म्हणजे वॉटच्या पाचव्या हिश्श्याने. टॉवरचं आपल्याला ऐकू येतं, आपलं टॉवरपर्यंत पोहोचत नाही. ९०० मेगाहर्ट्झवरचा २जी फोन मात्र क्षणापुरता २ वॉटपर्यंत जाऊ शकतो. विहिरीवरचे बरेचसे स्टार्टर २जीवर चालतात आणि अडचणीच्या जागीही तग धरतात, ते यामुळे. २जी बंद करा अशी मागणी दूरसंचार क्षेत्रातून होत असते. ती करणाऱ्यांनी मोटरच्या पेट्यांमधल्या सिमकार्डांचा हिशेब आधी मांडावा.

शेजारच्या आबांचा स्टार्टर गेल्या हिवाळ्यात लागेनासा झाला. ते वैतागून म्हणाले, “सिम बदली टाकं, कंपनीबी बदली टाकी, तरी फोन लागस नही.” विहिरीच्या काठावर मी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन सिमची माहिती उघडली: उणे १०९ डीबीएम. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं चांगलं. दर तीन डेसिबलला ताकद निम्मी होते, दहाला दहावा हिस्सा. बांधावर चढून हात उंच केला तर उणे ९८. एवढ्याशा उंचीने ताकद बारा पट झाली. पेटी उघडली तर स्टार्टरचा चुंबकाचा अँटेना आतच चिकटवलेला, चारही बाजूंनी पत्रा. पत्र्याच्या आत लहर शिरतच नाही, दाराच्या फटीतून येईल तेवढीच. केबलच्या भोकातून वायर बाहेर काढली, पेटीशेजारी लोखंडी पाइप रोवला, माथ्यावर ताटलीएवढा पत्रा बसवून त्यावर अँटेना ठेवला. अँटेनाची ही बोटभर काडी सुमारे आठ सेंटिमीटरची असते, कारण ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीचा तो चौथा हिस्सा. तिच्या बुडाशी धातूचा पत्रा असला तरच ती नीट काम करते. वायर मात्र फार लांबवू नये, ही बारीक केबल मीटरमागे साधारण एक डेसिबल खाते. आबांची मोटर त्या रात्री घरून चालू झाली. स्टार्टर विकणाऱ्यांनी एवढं तरी गिऱ्हाइकाला सांगायला हवं.

काहीजण बाजारातून बूस्टर आणून लावतात. परवानगीशिवाय तो लावणं बेकायदा आहे, आणि त्याने आजूबाजूच्या सगळ्यांचा टॉवरकडे जाणारा मार्ग गोंगाटाने भरून जातो. एकाची सोय होते आणि शिवारातल्या बाकीच्यांचे फोन तुटायला लागतात.

टॉवरला होणाऱ्या विरोधाबद्दलही स्पष्ट लिहितो. कॅन्सर होतो, चिमण्या मरतात, असं म्हणून टॉवर अडवणारे ठराव होतात. शंका विचारण्याचा लोकांना हक्क आहे. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणली आहे. तरंग संचार या सरकारी पोर्टलवर आपल्या भागातले टॉवर पाहता येतात आणि शुल्क भरून मोजणीही मागता येते. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरी ‘कदाचित कारणीभूत’ गटात टाकल्या, त्यामागे मुख्यतः कानाला लावलेल्या फोनचे अभ्यास होते. आणि टॉवर लांब गेला की कानाजवळचा फोन पूर्ण ताकदीने ओरडतो, जवळ असला की हळू बोलतो. टॉवर गावाबाहेर हाकलून आपण स्वतःचं संरक्षण करत नाही.

आता करायचं काय? ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर टाकणं बंधनकारक केलं आहे. आपल्या शिवाराचा नकाशा उघडून बघा. मळ्यावर रंग भरलेला असेल आणि तिथे फोन लागत नसेल तर तक्रारीला आधार मिळाला. ट्रायच्या मायस्पीड ॲपवरून कुणीही आपल्या जागेची मोजणी पाठवू शकतो. पण हे एकेकट्याने करून भागणार नाही. माझी मागणी अशी, की ग्रामीण भागाचं कव्हरेज तपासताना रस्त्याबरोबर वस्त्या आणि विहिरी हेही मोजणीचे बिंदू धरावेत आणि ही अट नियमातच यावी. ७०० आणि ९०० मेगाहर्ट्झसारख्या लांब लहरींचे पट्टे ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ते डोंगराळ तालुक्यांत आधी लावावेत. ७०० आणि ३५०० मध्ये, अँटेना सारखेच धरले तर, मोकळ्या हवेतसुद्धा पंचवीस पटींचा फरक पडतो. टेकडी आडवी आल्यावर तो आणखी वाढतो.

ग्रामसभेत ठराव करताना ‘रेंज येत नाही’ एवढंच लिहिलं तर तो फायलीत पडून राहतो. गट नंबर लिहा, विहिरीच्या काठावर फोनने दाखवलेला डीबीएमचा आकडा लिहा, कंपनी कोणती, २जी की ४जी, वेळ कोणती, आणि जवळचा टॉवर कोणत्या दिशेला दिसतो तेही लिहा. कॉलेजात शिकणारी मुलं एका रविवारी सगळं शिवार फिरून हा तक्ता भरू शकतात. बारावीच्या भौतिकशास्त्राचं याहून चांगलं प्रात्यक्षिक मला सुचत नाही. मग तो तक्ता तहसीलदारांकडे, आमदार-खासदारांकडे आणि कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे एकाच दिवशी जाऊ द्या. उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत उरकते आणि रात्रीचं पाणी भरणं तेव्हापासून सुरू होतं. मोजणी दिवाळीच्या आत व्हायला हवी.