बंद खोलीचें उष्णतामान

गेल्या चैत्रांत वसईकडील एका जुन्या वाडींत, माझ्या स्नेह्यांच्या घरीं, मला मुद्दाम बोलावणें आलें. त्यांच्या माजघरापलीकडील एक खोली दोन वर्षें कुलुपांत होती. तेथें थोरल्या सूनबाई वारल्या. पुढें आंत पाऊल टाकतांच अंगावर शहारे येतात, असें बायका म्हणूं लागल्या. एवढ्यावर भागलें असतें. पण मुंबईहून आलेल्या घरच्याच एका भाच्यानें पिस्तुलाच्या आकाराचें उष्णतामापक त्या भिंतीवर रोखलें, आणि माजघराच्या मानानें आंकडा चार अंशांनीं उतरला. झालें! शास्त्रानेंच साक्ष दिली. सूनबाईंची नऊ वर्षांची मुलगी, "आईला तिथें थंडी वाजते का?" असें आजीला विचारूं लागली.

भूत आणि थंडी यांची सांगड केवळ आपल्या आज्यांनींच घातली असें नाहीं. हॅरी प्राइस या इंग्रज संशोधकानें 1923 सालीं लंडनमध्यें प्रेतबैठकींत उष्णतामापक ठेवून उतरत्या उष्णतामानाच्या नोंदी केल्या. 1937 त बोर्ली येथील धर्मगुरूंचें जुनें घर वर्षभर भाड्यानें घेऊन तेथें निरीक्षकहि बसविले. पण साधा टांगलेला उष्णतामापक निदान खोलींतील हवेची उष्णता सांगतो. भाच्याचें यंत्र हवा मोजीतच नाहीं. समोरच्या पृष्ठभागाकडून येणारे अवरक्त किरण तें टिपतें. तांबडा ठिपका केवळ नेमापुरता. 2020 च्या साथींत दुकानांच्या दारांत आपल्या कपाळावर रोखलें जाई, तें याचेंच भावंड. चिमाजीअप्पांनीं 1739 त जिंकलेल्या वसईच्या किल्ल्यांतहि भाच्यानें तें फिरविलें होतें. पडक्या कमानींतून नेम निरभ्र आकाशाकडे गेला कीं आंकडा धाडकन् उतरतो, हें त्याला कोणीं सांगितलें नव्हतें.

मीं लखलखीत घासलेला पितळेचा तांब्या मागविला, त्यांत आधणाचें पाणी ओतलें आणि भाच्याला यंत्र रोखावयास सांगितलें. आंकडा खोलीच्याच आसपास! तांब्याला लागलेलें त्याचें बोट मात्र चटकन् मागें आलें. मग भाताच्या शितांनीं कागदाची पट्टी चिकटविली. तिच्यावर नेम धरतांच आंकडा भराभर चढला. चकचकीत धातु स्वतःचे किरण फार थोडे सोडतो आणि भोंवतालचेच परतवितो.

आतां ती भिंत. तिच्यामागें बावखल, गिलाव्याला पोपडे, हात लावावा तर ओल. माठांतलें पाणी ज्या कारणानें गार होतें, त्याच कारणानें भिंत गार. रात्रभर दोन साधे उष्णतामापक, एक त्या खोलीच्या मध्यभागीं व एक माजघरांत, दोरीनें टांगले. सकाळीं दोहोंत एका अंशाचाहि फरक नव्हता.

भूत आहे कीं नाहीं, याचा निवाडा मीं केला नाहीं. आजीबाईंनीं तो मानलाहि नसता. त्यांना मीं एवढेंच विचारलें, "धूर दिसला कीं आपण अग्नीचें अनुमान करतों, कारण दोघांना चुलीपाशीं एकत्र पाहिलेलें असतें. थंडी आणि भूत यांना आपण कोठें एकत्र पाहिलें?" त्या कांहीं बोलल्या नाहींत. किल्ली मात्र कनवटीची काढून दिली.

मुलीनें तें यंत्र आधीं माठावर, मग ओल्या भिंतीवर आणि शेवटीं आजीच्या कपाळावर धरून पाहिलें. गिलावा काढावयास गवंडी सांगितला आहे. आईच्या लुगड्यांची पेटी तेवढी त्या खोलींतून हलवूं नये, असें तिचें म्हणणें पडलें.