बांध कोणाचा?

ग्वाल्हेरच्या आपल्या मराठी मंडळींत पाण्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते : "माधवराव महाराजांनी बांध बांधले, सरकारने ते बुडविले." वाक्य सोयीचे आहे, पुरते खरे मात्र नाही. सांक नदीवरचा तिघरा बांध १९ ऑगस्ट १९१७ रोजी, महाराजांच्याच अमदानीत, फुटला. पायाच्या वालुकाश्मात पाणी मुरले होते. तो पुन्हा उभारला गेला आणि आजही शहराची तहान भागवतो. बांधणाऱ्याच्या कीर्तीवर बांध तरत नाही. त्याला राखणारा लागतो.

तिघऱ्याकडे निदान सर्वांचे लक्ष असते. खरा प्रश्न खासगी शेतांतील लहान मातीच्या बांधांचा आहे. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा पंधरा मीटरहून उंच धरणांना लागू होतो. दहा ते पंधरा मीटरच्या धरणांना काही अटींवर. त्याखालचा बांध त्याच्या कक्षेतच येत नाही. पण मातीचा बांध पाच मीटरचा असला तरी माथ्यावरून वाहणारे पाणी त्याला सोसत नाही. मासे अडविण्यासाठी सांडव्यावर लावलेली जाळी पाचोळ्याने तुंबली की पाणी माथा कापू लागते. भरावावरील झाडांच्या कुजलेल्या मुळांतून, घुशींच्या बिळांतून झिरप वाट काढते. पाणी आणि मासळी मालकाची, धोका मात्र पायथ्याच्या वस्तीचा! हा कुठला न्याय?

"मग सरकारनेच ते ताब्यात घ्यावेत," असे कोणी म्हणेल. त्यांनी विदर्भाकडे पाहावे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडील मालगुजारी तलावांमागे कोहळी समाजाचे कसब होते. मध्यप्रांताच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव शासनाचे झाले. मालक गेला, त्याच्यामागोमाग पाळीवर माती टाकण्याची रीतही गेली. कित्येक तलाव गाळाने भरले. मालकी बदलली, कर्तव्य कोणाच्याच नावे चढले नाही.

शासकीय सेवेत हयात घालविल्यावर मला एवढे कळले आहे की, ज्या कामापुढे कोणाचे नाव नसते ते काम होत नाही. म्हणून प्रत्येक खासगी बांधाची तहसिलीत नोंद व्हावी. मृगापूर्वी सांडवा व भराव तपासले जावेत. खर्च मालकाने सोसावा. आणि तपासणीचा कागद पायथ्याच्या ग्रामपंचायतीत लागावा. आपल्यापैकी ज्यांच्या शेतांत असे बांध आहेत त्यांनी कायद्याची वाट न पाहता येत्या पावसाळ्यापूर्वीच आरंभ करावा. महाराजांच्या नावाचा अभिमान मिरविणाऱ्यांना एवढे जड जाऊ नये.