कलम ३० कोणासाठीं?

मेळघाटांतील बालमृत्यूंचा विषय निघाला कीं सरकारी बाजूनें दोन उत्तरें ठरलेलीं असतात. धान्य वेळेवर पोंचलें होतें, हें पहिलें. आणि कोरकू लोक दवाखान्यांत न येतां भुमक्याकडे जातात, हें दुसरें. पहिलें पुष्कळदां खरें असतें, व दुसऱ्यांतहि कांहीं तथ्य आहे. मात्र भुमका रात्रीं गांवांत सांपडतो आणि डॉक्टर सांपडत नाहीं, हें त्या तथ्याचें उरलेलें अर्ध सांगावयाचें राहून जातें. हीं मुलें कां मरतात हा प्रश्न १९९३ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयापुढें गेला. त्यास तीस वर्षें उलटून गेलीं, तरी प्रश्न मिटलेला नाहीं. जीं उत्तरें इतक्या वर्षांत पुरीं पडलीं नाहींत, त्यांत मुळांतच कांहीं उणें असलें पाहिजे, एवढें अनुमान काढण्यास न्यायशास्त्र पढावें लागत नाहीं.

म्हणून आम्ही २०१३ सालचा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा पुन्हा एकवार काढून वाचला. ह्या कायद्याची थोरवी आम्ही कमी लेखीत नाहीं. २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अन्नाच्या योजनांस हक्काचें स्वरूप दिलें, आणि भूक हा दयेचा नसून दाव्याचा विषय आहे हें तत्त्व त्याच वाटेनें पुढें कायद्यांत आलें. अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो व प्राधान्य कुटुंबांत माणशीं ५ किलो धान्य, आणि तेंहि १ जानेवारी २०२३ पासून विनामूल्य, ही लहानसहान गोष्ट नव्हे. सहा महिन्यांच्या मुलापासून सहा वर्षांच्या मुलापर्यंत प्रत्येकास अंगणवाडींतून आहार हाहि हक्कच आहे. परंतु 'अन्नसुरक्षा' ह्या शब्दाची कायद्यानें केलेली व्याख्या पाहा. ठरविलेलें धान्य व ठरविलेला आहार पुरविणें म्हणजे अन्नसुरक्षा. आणि धान्य म्हणजे तांदूळ, गहूं किंवा भरडधान्य. डाळ नाहीं, तेल नाहीं. पोतीं दुकानांत उतरलीं व माणसांस वांटलीं कीं कायद्याच्या दृष्टीनें घर सुरक्षित झालें. चुलीवर भाताच्या जोडीस काय शिजतें, हें विचारण्याचें त्यास कारण उरत नाहीं.

धारणी व चिखलदरा ह्या दोन तालुक्यांतील वर्ष कसें जातें, हें येथें सांगितलें पाहिजे. कोरकू शेतकरी पूर्वीं ज्वारी, कुटकी व कोदो पिकवी, तुरीचें आंतरपीक घेई, आणि मोह, रानभाजी व नाल्यांतील मासळी ह्यांनीं ताट पुरें होई. ह्या शेतांत आतां सोयाबीन शिरलें आहे. तें घरांत शिजत नाहीं, बाजारांत जातें. आणि आलेला पैसा व्यापाऱ्याच्या जुन्या हिशेबांत जिरतो. पीक निघालें कीं कुटुंबें लेंकरांसह मजुरीसाठीं खालच्या मुलुखांत उतरतात, तीं होळीस परततात. मध्यंतरीं त्या मुलांची अंगणवाडी सुटलेली असते. जून लागला कीं घरांतलें सरतें, मजुरी थांबते, नाले भरून वाट तुटते. भुकेचे दिवस हेच. जुन्या कारभाऱ्यांस हें कळत होतें, असें म्हणणें भाग आहे. १९७८ पासूनची खावटी कर्जाची योजना काय, किंवा पावसाळ्याआधीं दुर्गम गांवीं धान्य नेऊन ठेवण्याची १९९५ ची नवसंजीवन योजना काय, दोन्ही ह्या चार महिन्यांकडे पाहूनच आंखलेल्या होत्या. नव्या कायद्यानें मात्र वर्षाचे बारा समान तुकडे पाडले. मेळघाटचें वर्ष तसें नाहीं.

कायदे करणारांस ही अडचण अगदींच सुचली नव्हती असें नाहीं. दुर्गम, डोंगराळ व आदिवासी मुलुखांतील लोकांच्या गरजांकडे केंद्र व राज्य सरकारांनीं विशेष लक्ष द्यावें, असें कलम ३० म्हणतें. पण तें लक्ष म्हणजे किती, केव्हां आणि कोणीं द्यावयाचें, ह्याविषयीं कलम मुकें आहे. तक्रार-निवारण अधिकाऱ्यानें सांगितलेली दाद ज्या नोकरानें दिली नाहीं, त्यास कलम ३३ प्रमाणें फार तर ५,००० रुपये दंड. आणि कलम ४४ प्रमाणें पूर किंवा दुष्काळ यांनीं पुरवठा तुटल्यास सरकारची जबाबदारीच राहत नाहीं. पाऊस आला कीं मिटून ठेवावयाची ही छत्री आहे!

तथापि दिल्लीकडे पाहात बसण्याचें कारण नाहीं. कायद्याहून अधिक लाभ स्वतःच्या पैशानें देण्याची मोकळीक कलम ३२ नें राज्यास दिली आहे, व नियम करण्याचा अधिकार कलम ४० नें दिला आहे. गर्भवती व स्तनदा मातांस रोज एक वेळ चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना महाराष्ट्रानें २०१५ सालीं सुरू केली, तेव्हां वाट नवी नाहीं. जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांसाठीं डाळ व तेल रेशनांत घालावें. ज्वारी व कुटकी तेथेंच खरेदी करून तेथेंच वांटावी. भरडधान्याच्या विकेंद्रित खरेदीस उत्तेजन द्यावें असें कायद्याची तिसरी अनुसूचीच सांगते. ३१ मेपूर्वीं साठा पोंचल्याचा दाखला तहसिलींतून नव्हे, तर ग्रामसभेकडून घ्यावा. जेथें नेटवर्क नाहीं, तेथें यंत्रानें आंगठा ओळखला नाहीं म्हणून कोणासहि रित्या हातीं परत पाठवूं नये.

राहतां राहिलें जंगल. १९७४ च्या सुमारास मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला, आणि वनउपज हा हक्क मानणारा कायदा यावयास २००६ उजाडावें लागलें. मधल्या काळांत ताटांतून काय काय गेलें, त्याची नोंद कोणत्याच खात्यानें ठेविली नाहीं. पायथ्याच्या पायविहीर गांवानें सामूहिक वनहक्क मिळतांच उजाड जमीन राखली व सीताफळ विकून दाखविलें. हें एका गांवास साधलें, तर इतरांचे दावे फायलींत अडकवून कोणाचें हित होतें?

विदर्भांतील आमदारांस आमची विनंति एवढीच कीं, कलम ३० खालीं राज्यानें आजवर कोणते नियम केले, हा साधा प्रश्न त्यांनीं अर्थसंकल्पी अधिवेशनांत विचारावा, आणि लेखी उत्तर मागावें. मेळघाटांत पाऊस जूनमध्यें येतो. साठे त्यापूर्वीं भरावयाचे असतील तर हें उत्तर मार्चमध्येंच हातीं आलें पाहिजे.