तवशाचं बी घरात राहू द्या



मिरग तोंडावर आला. तरव्याची धावपळ आहे, हे माहीत आहे. तरी परसातल्या तवशासाठी अर्धा तास काढाच.

चतुर्थीला माटवीत तवसं लागतं. पूर्वी ते घरच्या मांडवावरून यायचं, आता अनेक घरांत बाजारातून काकडी येते. विक्रीसाठी संकरित काकडी लावायला माझी ना नाही. पण तिचं बी धरलं तर पुढच्या वर्षी तसंच पीक मिळत नाही, पाकीट पुन्हा विकत घ्यावं लागतं. विक्रीसाठी दापोली विद्यापीठाची 'शीतल' ही जातही आपल्या जास्त पावसाला चालते. घरचं तवसं मात्र दुकानात मिळत नाही. आमच्या घरी एक वर्ष लावायचं राहिलं, डब्यातलं बी दमट झालं, नंतर उगवलंच नाही. लोकांना सल्ला देणाऱ्या माझ्याच घरचं बी गेलं, म्हणून हे लिहितोय.

खायलाही तवसं गुणाचं. 100 ग्रॅम काकडीत साधारण 95 ग्रॅम पाणी असतं. कोवळं सालीसकट खा, जून झालं की भाजी किंवा तवसोळी करा. साखरेचा त्रास असलेल्यांना कोशिंबीर चालते, तवसोळीत गूळ असतो, ती बेतानं. कडू लागलं तर मात्र फेकून द्या.

काय करायचं:

1) आळं खोल नको, पाणी साचून मुळं कुजतात. शेणखत घालून मातीचा उंचवटा करा, 3-4 बिया टोका, जोमदार 2 रोपं ठेवा. वेल मांडवावर चढवा.

2) फळमाशीसाठी 'क्यू ल्युर'चा सापळा लावा. आंब्यातल्या सापळ्याचं आमिष (मिथाईल युजेनॉल) तवशाच्या माशीला चालत नाही. किडकी फळं उकिरड्यावर टाकू नका, खोल पुरा.

3) फुलांवर सकाळी फवारणी नको. मधमाशी आली नाही तर फळ धरत नाही.

4) शेजारी संकरित काकडी असेल तर मधमाशीमुळे बी मिसळतं. संध्याकाळी एक मादी कळी (मागे बारीक तवसं असलेली) आणि दोन नर कळ्या दोऱ्यानं अलगद बांधा. सकाळी नर फूल मादी फुलावर फिरवा, मादी फूल पुन्हा बांधा, देठाला खूण करा.

5) ते फळ वेलावरच पूर्ण पिकू द्या. बी गरासकट एक-दोन दिवस भांड्यात ठेवा, धुवा, तळाशी बसलेलं घ्या. सावलीत खडखडीत वाळवून राखेत घोळवा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

ज्यांच्याकडे जुनं बी आहे त्यांनी पुढच्या बैठकीला चिमूटभर आणावं. एका घरात गेलं तर दुसऱ्या घरात राहील. माझ्यासाठीही दोन बिया ठेवा.

– आपला कृषी सल्लागार