सेकंडहँड गाडीतला थर्डहँड धूर

"दोन दिवस काचा खाली ठेवा, वास आपोआप जाईल."

जुन्या गाड्या विकणाऱ्यांचं हे ठरलेलं वाक्य. इतक्या विश्वासाने म्हणतात की ऐकणाऱ्याला स्वतःच्या नाकाचीच शंका यावी. मला आज या वाक्याशी भांडायचं आहे. कारण वास आपोआप जात नाही. सिगारेटचा तर नाहीच नाही. आणि हे विकणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त चांगलं ठाऊक असतं. नसतं, तर आरशाला ते मोगऱ्याचं नाहीतर लिंबाचं अत्तर कशाला टांगलं असतं?

निमित्त सांगते. माझ्या भाच्याने गेल्या उन्हाळ्यात एक गाडी घेतली. पाच वर्षं वापरलेली, "सिंगल ओनर, एकदम मेंटेन्ड". त्याने स्पष्ट विचारलं होतं, "आत कुणी सिगारेट ओढायचं का?" उत्तर आलं, "छे हो सर, फॅमिलीची गाडी आहे." आठ दिवसांनी अत्तर उडालं आणि खरा मालक समोर आला. मालक म्हणजे वास. दुपारी गाडी उन्हात उभी राहिली की आत बसवेना. घरात आठ महिन्यांचं बाळ. सूनबाईंनी बाळाला त्या गाडीत बसवायला साफ नकार दिला, आणि मग सगळे नातेवाईक तिलाच समजवायला लागले. "अगं, वासच तर आहे!"

तर मंडळी, माझं भांडण या "वासच तर आहे"शी सुद्धा आहे.

वास म्हणजे काही हवेत तरंगणारं भूत नव्हे. नाकाला वास येतो याचा अर्थ कशाचे तरी कण नाकात जाताहेत. सिगारेटचा धूर निघून जातो, पण त्यातलं निकोटिन आणि डांबरासारखा चिकट अंश आतल्या प्रत्येक पृष्ठभागावर बसतो. काचेवर तपकिरी थर दिसतो तो हाच. छताचं कापड, सीटचा फोम, पायाखालचं कार्पेट, सीटबेल्टचे पट्टे, सगळं हा अंश पिऊन घेतं. एसी आतलीच हवा फिरवत असेल तर धूर पुन्हा पुन्हा त्या थंड, ओल्या कॉइलवरून जातो आणि तिथेही साचतो. गाडी तापली की हा साठा परत हवेत यायला लागतो. म्हणून सकाळी न येणारा वास दुपारी येतो. काचा दोन दिवस उघड्या ठेवल्याने फक्त हवा बदलते. फोममध्ये वर्षानुवर्षं मुरलेलं तसंच राहतं. लोणच्याची बरणी झाकण उघडून ठेवल्याने धुतली जाते का?

याला इंग्रजीत 'थर्डहँड स्मोक' असं नाव आहे. ओढणाऱ्याचा धूर पहिला, शेजारी बसलेल्याच्या नाकात जातो तो दुसरा, आणि दोघंही उठून गेल्यावर मागे उरतो तो तिसरा. २००९ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या एका लेखानंतर हा शब्द रूढ झाला. त्याच्या आदल्याच वर्षी सान दिएगोच्या संशोधकांनी चक्क विक्रीला आलेल्या जुन्या गाड्या तपासल्या होत्या. धूम्रपान करणाऱ्यांच्या गाड्यांमध्ये धुळीत, पृष्ठभागांवर आणि हवेतही निकोटिन सापडलं. २०१० मध्ये कॅलिफोर्नियाच्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पृष्ठभागावर बसलेल्या निकोटिनचा हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग होऊन नायट्रोसामाइन गटातली संयुगं तयार होतात, आणि त्यांतली काही कर्करोगकारक म्हणून ओळखली जातात. एका भरपूर सिगारेटी ओढणाऱ्याच्या ट्रकमध्येही त्यांना ती सापडली.

आता याचा अर्थ असा नव्हे की त्या गाडीतून एकदा मंडईत जाऊन आलं की माणूस आजारी पडेल. मी घाबरवायला बसलेली नाही. पण मोठ्या माणसाचं आणि रांगत्या बाळाचं गणित एक नसतं. बाळ सीटला हात लावतं, तोच हात तोंडात घालतं, पट्टा चघळतं. वजनाच्या मानाने श्वासही आपल्यापेक्षा जास्त घेतं. ज्या आईला हे नको वाटतं ती नाजूक नाही, शहाणी आहे.

आता उपायांकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. ही तक्रार कुणाच्या कानावर पडायचा अवकाश, डझनभर नुस्खे येतात. सीटखाली चिरलेला कांदा ठेवा. कॉफीची पूड ठेवा. कापूर जाळा. (बंद गाडीत कापूर जाळायचा म्हणजे धुरावर धूर!) खायचा सोडा पसरा. कांद्याने गाडीला कांद्याचा वास येतो, एवढंच. कॉफीने दोन दिवस उडप्याच्या हॉटेलात बसल्यासारखं वाटतं. सोड्याने थोडाफार वास कमी होतो, पण निकोटिन हे स्वतः आम्लारी आणि सोडाही आम्लारीच. त्यांचं आपसात काही भांडण नाही. कोळशाच्या पिशव्या हवेतलं थोडं शोषतात, पण फोममध्ये मुरलेलं त्या ओढून काढू शकत नाहीत.

हल्ली आणखी एक मोठं प्रस्थ आहे, ओझोन मशीन. डिटेलिंगवाले गाडीत लावतात, आणि बाहेर आल्यावर गाडी "नव्यासारखी". ओझोन हा फुप्फुसांना त्रास देणारा वायू आहे, रबरही खराब करतो. शिवाय धुतल्याशिवाय तो सोडला तर तळाशी असलेल्या निकोटिनचं तो दुसऱ्याच कशात तरी रूपांतर करतो. वास बदलला म्हणजे घाण गेली, असं नाही. वापरायचाच असेल तर सगळी धुलाई झाल्यावर, शेवटी, रिकाम्या गाडीत, आणि नंतर गाडी भरपूर वेळ उघडी ठेवून.

मग जातं कशाने? धुण्याने. दुसरं उत्तर नाही. भाच्याने आणि मी मिळून (म्हणजे त्याने राबून आणि मी खुर्ची टाकून सूचना देऊन!) जे केलं ते क्रमाने सांगते, कुणाला उपयोग झाला तर बरं.

सगळ्यात आधी ॲशट्रे आणि सीटच्या फटी. तिथे राख आणि थोटकं निघालीच. "फॅमिलीच्या गाडीत". मग व्हॅक्यूम, सीट पूर्ण मागे-पुढे सरकवून. मग काचा, डॅशबोर्ड, दारांची आतली बाजू, स्टिअरिंग. निम्मं पाणी, निम्मं पांढरं व्हिनेगर, आणि पुसायला सुती फडकी. व्हिनेगर हे सौम्य आम्ल, त्यामुळे निकोटिनला ते सोड्यापेक्षा जास्त लागू पडतं. फडकं पिवळं-तपकिरी होतं ते बघून सूनबाईंचा पक्ष घरात एकमताने मंजूर झाला. फडकं पांढरं निघेपर्यंत पुसायचं, दर वेळी नवं घेऊन. व्हिनेगरचा स्वतःचा वास एक-दोन दिवसांत उडून जातो.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून, चिमटा लावून, साबणाच्या कोमट पाण्याने पुसायचे आणि वाळल्याशिवाय आत सोडायचे नाहीत. ब्लीच अजिबात नको, पट्टा कमजोर होतो. सीट आणि कार्पेटला फेस लावून, पाणी मशीनने ओढून काढायचं. नुसतं ओलं करून ठेवलं तर पावसाळ्यात बुरशीचा दुसरा वास पदरात पडतो. म्हणून हे काम कडक उन्हाच्या दिवसांत.

छताचं कापड, ज्याला गॅरेजवाले रूफ लायनिंग म्हणतात, ते बहुतेकजण विसरतात. धूर वर जातो, म्हणजे सगळ्यात जास्त तिथेच बसतो. पण ते भिजवायचं नाही. आतला गोंद सुटला की छत डोक्यावर लोंबायला लागतं. घट्ट पिळलेल्या फडक्याने, हलक्या हाताने, एकाच दिशेने.

शेवटी एसी. केबिन फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. तो धुवायचा नाही, सरळ बदलायचा. कूलिंग कॉइल गॅरेजमध्ये साफ करून घ्यायची. हे न करता बाकी सगळं केलं तर पहिल्यांदा एसी लावताक्षणी वास पुन्हा हजर.

एवढं करून तीन सुट्या गेल्या. वास शंभर टक्के गेला का? भर दुपारी अगदी किंचित येतो अजून, म्हणून बाळाच्या जागेची मागची सीट आता नव्या फोमची करायची आहे. हा खर्च कुणाचा? भाच्याचा. ओढली कुणी? दुसऱ्याने. लपवलं कुणी? तिसऱ्याने.

हा खरा मुद्दा आहे. "माझी गाडी, माझी सिगारेट" हे मला एका हद्दीपर्यंत मान्य आहे. २००३ च्या तंबाखूविरोधी कायद्यातली बंदी सार्वजनिक ठिकाणांसाठी आहे, त्यात सार्वजनिक वाहनं येतात, घरची गाडी येत नाही. (इंग्लंडने २०१५ पासून, गाडीत अठरा वर्षांखालचं कुणी असेल तर खाजगी गाडीतही बंदी घातली आहे.) पण गाडी विकायला काढली त्या क्षणी ती 'माझी' राहत नाही, आणि धूरही 'माझा' राहत नाही. आपण तो पैसे घेऊन दुसऱ्याच्या लेकराला देतो आहोत.

विकणारे म्हणतात, "घेणाऱ्याने बघून घ्यावं." बघून घ्यावंच. पण ज्याच्यावर मुद्दाम अत्तर मारलंय ते घेणाऱ्याने बघायचं कसं? आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७ माहीत असलेली गोष्ट क्रियाशीलपणे लपवण्याला फसवणुकीत धरतं. गप्प बसणं वेगळं आणि झाकणं वेगळं. मी वकील नाही, पण माझ्या साध्या बुद्धीला डेंट पुट्टीने बुजवणं आणि धूर मोगऱ्याने बुजवणं यांत फरक दिसत नाही. किलोमीटरचा आकडा मागे फिरवला तर आपण चवताळतो, मग इथेच "वासच तर आहे" का?

म्हणून गाडी घ्यायला जाल तेव्हा एवढं करा. दुपारी जा. गाडी आधी तासभर काचा बंद करून उन्हात उभी ठेवायला सांगा. दार उघडताच पहिला श्वास स्वतः घ्या, कारण पाच मिनिटांत नाक सरावतं. अत्तर टांगलेलं दिसलं तर ते काढून दुसऱ्या दिवशी पुन्हा या. एसी आतली हवा फिरवण्यावर लावून बघा. छताला नाक लावा, लाजू नका, पैसे तुमचे आहेत. आणि "गाडीत धूम्रपान झालेलं नाही" हे वाक्य विक्रीच्या कागदावर लिहून मागा. खरं असेल तर लिहायला कुणाचं काय जातं? आढेवेढे घेतले तर तेच तुमचं उत्तर.

आणि जे ओढतात त्यांनी, विकताना, निदान सांगावं. किंमत थोडी कमी येईल, येऊ दे. धुऊन विका किंवा सांगून विका. अत्तर मारून विकू नका.

असो. तुमच्यापैकी कुणी छताचं कापड न लोंबवता धुण्याची आणखी चांगली रीत शोधली असेल तर जरूर कळवा. कांद्याचे उपाय मात्र कृपया पाठवू नका.