गिअरचे तेल आयुष्यभर टिकते का?

मामूंचे गुडघे थकले, तेव्हा घरात ठरले की क्लचची गाडी आता बस्स. दिवाळीच्या सुट्टीत आम्हीच त्यांच्यासोबत जाऊन एक जुनी ऑटोमॅटिक गाडी पाहून दिली. मीटरवर ८२ हजार किलोमीटर. टायर पाहिले, बॅटरी पाहिली, विम्याचे कागद पाहिले. गिअरचे तेल कधी बदलले, हे मात्र विचारलेच नाही. प्रश्न विचारण्याचाच पगार घेणाऱ्या शिक्षकाची ही गत!

मुमानींचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा, आष्टीहून परतूरमार्गे जालन्याला. थंडीत सकाळी गिअर ‘डी’वर टाकला की गाडी दोन क्षण थांबायची, मग झटका देऊन निघायची. मामू म्हणायचे, “बेटा, ती पण म्हातारी आहे, उठायला वेळ लागतोच.” आम्हीही हसून सोडून दिले. जानेवारीत एका संध्याकाळी परत येताना उसाच्या ट्रॉलीमागे अर्धा तास रांगत आल्यावर ओव्हरटेक करायला गेलो, तर इंजिन ओरडते आहे आणि गाडी ओढत नाही. मागच्या सीटवर थकलेल्या मुमानी. त्या रात्री घरी पोहोचलो ते अल्लाहच्या मेहरबानीने.

एक मेकॅनिक म्हणाला, हे तेल आयुष्यभरासाठी असते, हात लावू नका. दुसरा म्हणाला, मशीनने दाब देऊन सगळे धुऊन काढतो. शेवटी डॅशबोर्डच्या कप्प्यातले पुस्तक काढले. तक्त्यात ‘फक्त तपासा’ असे होते खरे, पण खाली बारीक अक्षरांत कठीण वापरासाठी वेगळा नियम होता. कठीण वापर म्हणजे काय? धूळ, कडक ऊन, सतत हळू चालणे, जास्त भार. यादी वाचताना वाटले, आपल्या गावाचाच पत्ता लिहिलाय.

या तेलाचे काम नुसते वंगणाचे नाही. इंजिनाची ताकद चाकांकडे याच्यामार्फत जाते, आतल्या क्लचप्लेटा याच्याच दाबाने आवळल्या जातात आणि गिअरबॉक्स थंड ठेवणेही याच्याकडेच. त्याचा खरा शत्रू उष्णता. मे महिन्यातले आपल्याकडचे ऊन आणि त्यात रांगणारी गाडी, म्हणजे तेल आतल्या आत भाजते. नवे तेल बहुधा लाल असते. गळती झाली तर इंजिन ऑइलपासून वेगळी ओळखता यावी म्हणून तो रंग मुद्दाम घातलेला असतो. ते काळपट झाले आणि जळका वास आला, तर किलोमीटर मोजत बसू नये.

मग बदलायचे केव्हा? आधी गिअरबॉक्स कोणता ते पाहा. इनोव्हा क्रिस्टासारख्या टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीला आपल्याकडच्या वापरात ४० ते ६० हजार किलोमीटर हा सुरक्षित अंदाज; पुस्तकात त्याहून कमी आकडा असेल तर तोच धरावा. होंडा सिटीच्या सीव्हीटीला तेल सीव्हीटीचेच लागते, दुसरे घातले तर गिअरबॉक्स खराब होऊ शकतो. आणि २०१४ साली सेलेरिओबरोबर आलेली एएमटी, जी आता वॅगनआर, स्विफ्टमध्येही मिळते, ती मुळात साधाच गिअरबॉक्स आहे. क्लच आणि गिअर आपल्याऐवजी यंत्र हलवते, एवढेच. त्याला साधे गिअर ऑइल लागते. महागडे ऑटोमॅटिकचे तेल कोणी त्याच्या गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. ज्या बहिणी शाळा-बँकेच्या नोकरीला एएमटी चालवतात, त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

आमच्या गाडीला तिसरा मेकॅनिक भेटला, तो सबुरीचा. मशीनने धुवायला त्याने नकार दिला. वर्षानुवर्षे तेल न बदललेल्या गिअरबॉक्समधला गाळ दाबाने सुटून बारीक वाटांत अडकू शकतो, म्हणाला. त्याने खालचा नट काढून तेल सोडले. निघाले ते काळे, जळक्या वासाचे. चुंबकावर राखाडी लेप होता, पण लोखंडाचे तुकडे नव्हते, तेवढाच दिलासा. नवा फिल्टर, नवे तेल. अशा रीतीने एका वेळी जेमतेम तिसरा हिस्सा ते निम्मे तेलच निघते, बाकीचे कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणून हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तेच केले. पातळीही त्याने अंदाजाने पाहिली नाही. गाडी सपाट जागेवर उभी करून, तेल पुस्तकात सांगितले तेवढे गरम झाल्यावरच पाहिली.

खर्च काही हजारांत भागला. गिअरबॉक्स खोलावा लागला असता तर लाखाची गोष्ट होती. तरी सगळे बरे झाले असे नाही. गाडी आता ओढते, पण थंड सकाळी तो क्षणभराचा थांबा अजून आहे. प्लेटा थोड्या झिजल्यात, नवे तेल झीज भरून काढत नाही, हे त्याने आधीच सांगितले होते.

पुढची वेळ सव्वा लाखावर. मामूंनी तो आकडा चिठ्ठीवर लिहून काचेला चिकटवला आहे, आणि जालन्याच्या प्रत्येक फेरीत मुमानी मागून मान पुढे काढून मीटर बघतात.