नुसती रेघ

आमचे चिरंजीव सॉफ्टवेअरवाले. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीच्या कंपनीचे, त्यातही हल्ली दोन दिवस घरूनच काम. शनिवार-रविवार मात्र स्वारी एकतर डोंगरात असते, नाहीतर जेवणाच्या टेबलावर तारा, पकडी आणि कसल्या कसल्या हिरव्या पाट्या पसरून बसलेली असते. वय वर्षं सत्तेचाळीस! सूनबाई म्हणतात, "आई, वेळीच वळण लावायला हवं होतं तुम्ही." आता काय सांगू, माझी सगळी उमेद लोकांच्या मुलांना वळण लावण्यात गेली. घरचं राहून गेलं.

पण मला या उपद्व्यापांचं कौतुक आहे, हे आधीच कबूल करते. बिघडलेली वस्तू उघडून बघणारं पोर शाळेत आम्हाला आवडायचं नाही. मी स्वतः एका मुलाला शाळेचा रेडिओ उघडला म्हणून तासभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. रेडिओ त्याने हात लावायच्या आधीपासूनच बंद होता, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही. असो.

तर सध्याचा उपद्व्याप म्हणजे पर्जन्यमापक. विकतचा नव्हे, घरी केलेला. आत एक छोटासा झोका असतो, लहान मुलांच्या बागेत असतो तसा, दोन्ही टोकांना चमच्याएवढ्या वाट्या. वरच्या नरसाळ्यातून पाणी एका वाटीत पडतं, ती भरली की कलंडते आणि दुसरी वर येते. प्रत्येक कलंडण्याबरोबर एक लोहचुंबक बारीकशा स्विचवरून जातो आणि रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक 'एक' मोजतो. किती वेळा कलंडलं त्यावरून किती मिलिमीटर पाऊस. वाटी नेमकी किती पाण्याला कलंडते हे ठरवायला हा दोन संध्याकाळी औषधाच्या दुकानातून आणलेल्या सिरिंजने थेंब थेंब पाणी सोडत बसला होता. कोथरूडच्या गॅलरीत महिनाभर सगळं ठीक चाललं. मग एके दिवशी धो धो पाऊस आणि यंत्र म्हणतं शून्य. उघडून पाहिलं तर आत कोळ्याने जाळं केलेलं!

दुसरा नाद डोंगराचा. हा कॉलेजात असताना आनंद पाळंद्यांचं 'डोंगरयात्रा' सॅकमध्ये घालून निघायचा. त्या पुस्तकाचा कणा मी दोनदा खळीने चिकटवून दिलाय. आता सॅकमध्ये पुस्तक नसतं, फोनवर 'ट्रॅक' असतो. आकाशातल्या उपग्रहांचे संदेश ऐकून फोन दर काही सेकंदांनी आपण कुठे आहोत ते टिपत राहतो. अक्षांश, रेखांश, उंची, वेळ. मोबाइलला रेंज नसली तरी हे चालतं, कारण फोन इथे नुसता ऐकतो, उलट काही बोलत नाही. (हे मला तीनदा समजावून सांगावं लागलं.) घरी आल्यावर हे सगळे ठिपके जोडले की नकाशावर एक छान रेघ उमटते. ती रेघ हा इंटरनेटवर ठेवतो, म्हणजे पुढच्याला उपयोगी पडेल. शंभरेक रेघा असतील त्याच्या. कोणी "धन्यवाद, तुमच्यामुळे चुकलो नाही" असं कळवलं की दिवसभर खुशीत असतो. आईलाही बरं वाटतंच की.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

२०१९च्या फेब्रुवारीत हा वेल्ह्याच्या बाजूची एक घाटवाट उतरून कोकणात गेला. वाटेचं नाव देत नाही. ते का, हे पुढे लक्षात येईल. ही वाट एका नाळेतून उतरते. नाळ म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद, दगडगोट्यांनी भरलेली घळ. उन्हाळ्यात ती वाट असते, पावसाळ्यात ती ओढा असते. याने नेहमीप्रमाणे रेघ चढवली आणि विसरूनही गेला.

२०२३च्या जुलैत कॉलेजची चार मुलं ती रेघ धरून त्या नाळेत उतरली. सकाळी आभाळ बऱ्यापैकी उघडं होतं म्हणे. अर्ध्या वाटेवर असताना वर घाटमाथ्यावर कोसळायला लागलं आणि खाली नाळेला पाणी आलं. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. एकाचा पाय घोट्यात मोडला. रात्रभर चौघं एका कपारीत चिकटून बसली. सकाळी वरच्या वाडीतली माणसं आणि बचावपथकाची पोरं दोर लावून उतरली, तेव्हा सुटका झाली. जीव वाचले, हे नशीब. त्यातल्या एकाने आठवड्याने आमच्या चिरंजीवांना निरोप पाठवला. तक्रार नव्हती त्यात. उलट, "सर, आम्ही तुमच्याच ट्रॅकवर होतो, शेवटपर्यंत लाइन सोडली नाही," असं मोठ्या विश्वासाने लिहिलं होतं.

त्या रात्री हा झोपला नाही. मी पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलेला. म्हणाला, "आई, सगळे ट्रॅक काढून टाकतो."

मी म्हटलं, काढू नकोस.

माझं मत त्या रात्री जे होतं तेच आज आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. मी इतिहास आणि मराठी शिकवलं. आमच्या विषयांची 'गाइडं' दुकानात मिळायची, प्रश्न आणि खाली तयार उत्तर. मुलं ती पाठ करायची आणि पेपरात उतरवायची. प्रश्न जरा फिरवला की गाडी रुळावरून खाली! गाइडातलं उत्तर चुकीचं नसायचं. पण ते कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे मुलाला माहीत नसायचं. आमच्या चिरंजीवांची रेघ तशीच होती. एकही ठिपका खोटा नव्हता. पण ते 'फेब्रुवारीत, कोरड्या नाळेतून, वीस वर्षं डोंगर चढलेल्या माणसाने कसं उतरावं' या प्रश्नाचं उत्तर होतं. मुलांचा प्रश्न जुलैचा होता.

गंमत म्हणजे तारीख त्या फाइलमध्ये असते. प्रत्येक ठिपक्यापाशी वेळ नोंदलेली असते. पण नकाशावर ती कुणाला दिसत नाही, दिसते फक्त रेघ, तीही उन्हाळा-पावसाळा एकाच रंगाची. शिवाय रेघ दिसते पेनाने ओढल्यासारखी नेमकी, आणि ती तेवढी नेमकी मुळीच नसते. उघड्या आकाशाखाली फोनची चूक पाच-दहा मीटरची. नाळेत दोन्ही अंगांना कडे असले की थोडेच उपग्रह दिसतात, त्यांचे संदेश कड्यावर आपटून येतात, आणि चूक वाढते. मोकळ्या माळावर दहा मीटरने कुणाचं काही बिघडत नाही. कड्याच्या धारेवर दहा मीटर म्हणजे काय, ते मी लिहायला नको.

आमच्या वेळी हे संकट नव्हतं, कारण रेघच नव्हती. मी दरवर्षी सातवीची मुलं एसटीने सिंहगडाला न्यायची. आतकरवाडीतून चढताना पहिलं जे माणूस भेटेल त्याला विचारायचं, "दादा, वाट निसरडी झालीय का?" वाट कुठली ते मला ठाऊक असायचंच, पण आज ती कशी आहे हे त्यालाच ठाऊक. फोनमुळे 'कुठली' हा प्रश्न सुटला, आणि त्याच्याबरोबर माणसाशी बोलणंही सुटलं. त्या चार मुलांनी वरच्या वाडीत एका घरापुढे गाडी लावली होती, पण आत डोकावून कुणाला एक शब्द विचारला नाही. विचारला असता तर त्या घरच्या म्हातारीनेसुद्धा सांगितलं असतं, की बाबांनो, आज नका जाऊ.

मग उपाय काय? सरकारचा उपाय बंदी. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली आणि पाठोपाठ ठिकठिकाणी मनाईचे आदेश निघाले. मी बंदीची टिंगल करणार नाही, जिथे हजारोंनी गर्दी लोटते तिथे ती हवीच. पण चाळीस वर्षांचा अनुभव सांगते, 'जाऊ नको' एवढंच म्हटलेलं पोर हमखास जातं. 'का नको' हे कळलेलं पोर निदान दोन मिनिटं थांबतं. आणि रेघा पुसून टाकणं ही तर आमच्या शाळेतली जुनीच युक्ती, पोरं चुकीचं वाचतील म्हणून ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप. याने पुसली तरी दुसऱ्या कुणाची तरी असणारच, आणि त्या दुसऱ्याला रात्री झोप लागतेय की नाही देव जाणे.

म्हणून मी म्हटलं, रेघ राहू दे, तिच्याबरोबर वर्णन लिही. कुठल्या महिन्यात गेलास, पाणी कुठे होतं, कुठे दोर लागला, कुठून परत फिरता येतं आणि कुठल्या जागेनंतर फिरता येत नाही, वाडीत कुणाला विचारायचं. हा म्हणाला, "आई, एवढं कोण वाचतं? लोक फाइल उतरवून घेतात आणि निघतात." माझा विद्यार्थी असता तर मी पट्टीच उगारली असती. कोणी वाचत नाही म्हणून लिहायचंच नाही, हे मला मान्य नाही. रेघ ओढणाऱ्याने ती कशी ओढली हे सांगितलंच पाहिजे. ऐकायचं की नाही हा पुढच्याचा प्रश्न.

त्याला पटलं म्हणा किंवा आईपुढे हरला म्हणा. त्या नाळेची फाइल त्याने काढून घेतली, वर्णन पुरं होईपर्यंत. बाकीच्या एकेक करून दुरुस्त करतोय. आणि पर्जन्यमापकही गॅलरीतून निघाला तो वाडीतल्या त्या गाडी लावलेल्या घराच्या कौलांवर जाऊन बसला. कारण पुण्यातल्या आभाळावरून घाटमाथ्याचा काहीच अंदाज येत नाही. २५ जुलै २०२४ला सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीला ५५० मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. पुण्याला अख्ख्या वर्षात सरासरी सात-साडेसातशे पडतो, म्हणजे हिशोब करा. वाडीवर रेंज एका कोपऱ्यात एक काडी येते, तेवढ्यात यंत्र दर तासाला एसएमएस पाठवतं. कधी पाठवतं, कधी नाही.

यंत्र बसवताना मीही गेले होते, हट्टाने. घरच्या मामांनी सगळं शांतपणे बघून घेतलं आणि म्हणाले, "बाई, आमाला वड्याच्या आवाजावरनं कळतं की किती पडला." मी म्हटलं, आम्हाला नाही ना कळत, म्हणून तर हे. ते हसले. आता त्यांच्या सूनबाई दर रविवारी शिडी लावून त्यातलं कोळ्याचं जाळं काढतात. यंत्र चालतंय ते त्यांच्या झाडणीवर.

वर्णनांचं शुद्धलेखन तपासायचं काम माझ्याकडे आलंय. ऱ्हस्व-दीर्घाची तर दैनाच आहे, मराठी माध्यमात शिकवूनही! पण मी लाल पेनाने खुणा करते त्या भलत्याच ठिकाणी. परवा एका कागदावर होतं, 'पुढे उजवीकडे वळावे.' मी समासात लिहिलं, चढताना की उतरताना? दोन ओळी खाली होतं, 'येथे ओढा ओलांडावा.' त्याच्यापुढे लिहिलं, कुठल्या महिन्यात?

कागद परत केला. तो अजून फेरलेखनासाठी त्याच्याकडेच आहे.